सत्रअखेरचा निकाल आणि कांद्याची लागण : दुसऱ्या सत्राच्या नियोजनाच्या नोंदी

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात मी गणित शिकवते आणि परीक्षा विभागाचं काम बघते. शाळा पाचवी ते दहावी. गावातली मुलं थोडी, बाकीची आजूबाजूच्या वस्त्यांवरून पायी, सायकलवर किंवा एसटीनं येतात. दर दिवाळीला निकालपत्रकं भरायची, दुसऱ्या सत्राचं नियोजन लिहून मोठ्या सरांची सही घ्यायची आणि फेब्रुवारीत तीच मुलं त्याच विषयात अडकलेली बघायची, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. यंदा ते बदलायचं ठरवलं. कांदा-द्राक्षाच्या पट्ट्यातल्या इतर शाळांना उपयोग व्हावा म्हणून काय केलं, काय फसलं, पैसा आणि वेळ कुठे गेला, ते तारखेनिशी लिहीत गेले.

८ ऑक्टोबर २०२५

प्रथम सत्राचे पेपर तपासून झाले. नेहमीच्या एक्सेल शीटमध्ये विषय, एकूण, टक्के, श्रेणी भरली. नववीत गणितात ३५ टक्क्यांच्या खाली राहिलेल्यांची यादी लांबलचक आहे. पण मूल गणितात मागे पडलं, याच्यापलीकडे ती यादी काही सांगत नाही. उपचारात्मक अध्यापनाचे तास लावायचे तर त्यात शिकवायचं काय? गेल्या वर्षी अशाच यादीवरून जादा तास घेतले होते आणि सगळ्यांना पहिल्या प्रकरणापासून धरलं होतं. ज्यांना संच चांगले येत होते ती मुलंही पुन्हा संचच करत बसली, आणि बहुपदीला हात लागेपर्यंत वार्षिक परीक्षा आली.

शीट बाजूला ठेवली. बांधून ठेवलेले गठ्ठे पुन्हा सोडायचे ठरवलं.

११ ऑक्टोबर

प्रश्नवार तक्ता करतो आहोत. उभ्या रकान्यात मुलांची नावं, आडव्या ओळीत प्रश्न. उत्तर बरोबर असेल तर टिक, चूक असेल तर फुली, सोडवलंच नसेल तर रिकामी चौकट. रिकामी चौकट आणि फुली वेगळी ठेवणं महत्त्वाचं आहे. फुली म्हणजे मुलानं प्रयत्न केला, रिकामी म्हणजे प्रश्न ओळखीचाच वाटला नाही.

सगळ्या विषयांचं करायला बसलो असतो तर दिवाळी त्यातच गेली असती. म्हणून नववी आणि दहावीचं गणित (भाग १ आणि भाग २, प्रत्येकी ४० गुण) आणि इंग्रजी, एवढंच घेतलं. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर इंग्रजीचे सर आणि मी बसलो, रविवारही यातच जाणार.

एका नववीच्या मुलाचा पेपर बराच वेळ समोर ठेवून बघितला. ७२ : ९० या गुणोत्तराचं संक्षिप्त रूप विचारलं होतं. त्यानं दोन्हींना ९ नं भागलं, ८ : १० लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढून उत्तर चौकटीत टाकलं. पुढे २ नं भागून ४ : ५ करायचं राहिलं. याला गुणोत्तर येत नाही म्हणता येणार नाही, 'आणखी भाग जातो का' हे बघायची सवय लागलेली नाही. त्याच मुलानं बहुपदींच्या वजाबाकीत ५ − (−३) बरोबर २ लिहिलं आहे. ही चूक बहुपदीची नव्हे, सहावीतल्या पूर्णांक संख्यांची आहे. नववीच्या यादीतल्या बऱ्याच मुलांची ही एकच फुली आहे. हे कळायला गुणपत्रकाचा काडीचाही उपयोग झाला नसता.

१३ ऑक्टोबर

रिकाम्या चौकटी ठराविक मुलांच्या ओळीत, ठराविक प्रकरणांखाली एकत्र दिसत होत्या. वर्गशिक्षकांकडून हजेरीपट मागवला आणि आमची टाचणवही शेजारी उघडली. कोणतं प्रकरण कोणत्या आठवड्यात शिकवलं ते टाचणवहीत असतंच.

तिन्ही कागद शेजारी ठेवल्यावर चित्र उघड झालं. लाल कांद्याची लागण, म्हणजे रोपांची लावणी, ऑगस्ट-सप्टेंबरात चालते, पाठोपाठ रांगड्या (उशिरा खरिपाच्या) कांद्याची, ऑक्टोबरात मक्याची सोंगणी म्हणजे कापणी. त्या आठवड्यांत हजेरीपटावर 'गै' (गैरहजर) ची रांग आहे. मुलं एकदम पंधरा दिवस जात नाहीत. दोन दिवस जातात, एक दिवस येतात, पुन्हा तीन दिवस जातात. त्यामुळे कुणाच्या डोळ्यावर येत नाही, महिन्याची टक्केवारीही फार खाली उतरत नाही. पण गणिताचं प्रकरण सहा-सात तासांत उरकतं, त्यातले चार तास बुडले की ते प्रकरण गेलं. गुणोत्तर व प्रमाण हे प्रकरण मी नेमकं त्याच काळात शिकवलं होतं.

दोन मुली तर अशा निघाल्या की हजर असलेल्या आठवड्यांतल्या प्रकरणांचे जवळजवळ सगळे प्रश्न बरोबर आणि बाकीच्या चौकटी कोऱ्या. निकालपत्रकात दोघींसमोर 'गणितात अधिक मेहनतीची गरज' असा शेरा पडला होता. तो खोडून वर्गशिक्षकांनी नवा शेरा लिहिला, 'सप्टेंबरमधील गैरहजेरीमुळे प्रकरण ४ राहिले आहे, नोव्हेंबरमध्ये शाळेत पूर्ण करून घेऊ.' प्रगतीपुस्तकावर असं लिहिलेलं पालकांनाही समजतं आणि आपल्यालाही बांधून ठेवतं.

१५ ऑक्टोबर

सुट्टीआधीची शेवटची शिक्षक सभा. प्रस्ताव मांडला की दुसऱ्या सत्राचं घटक नियोजन पाठ्यपुस्तकाच्या क्रमानं न करता शेतीच्या कामांच्या तारखांवर बसवू. ज्या आठवड्यात मुलं कमी येणार हे आधीच माहीत आहे, त्या आठवड्यात नवीन आणि अवघड प्रकरण सुरूच करायचं नाही.

हिशोब सोपा आहे. उन्हाळ कांद्याचं रोप दिवाळीच्या मागे-पुढे टाकतात. ते साधारण ४५ ते ५० दिवसांत लागणीला येतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. तेव्हाच दहावीची पूर्व परीक्षा असते. कांदा पुढे एप्रिलमध्ये काढणीला येतो, तेव्हा नववीपर्यंतच्या वार्षिक परीक्षा. म्हणजे आमच्या दोन्ही महत्त्वाच्या परीक्षा कांद्याच्या दोन्ही मोठ्या कामांवर येऊन पडतात, आणि आजवर नियोजनाच्या वहीत कांदा हा शब्दही आलेला नव्हता.

विरोधही झाला. शाळेनं असं वेळापत्रक केलं तर मुलांनी कामाला जाण्याला आपणच मान्यता दिली असा अर्थ होईल, असं एका ज्येष्ठ सरांचं म्हणणं. ते खोटं नाही. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला पाठवणं कायद्याला धरून नाही. घरच्या शेतातही शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीतच मदत करता येते. ठरलं असं की पालकांना हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, मुलं थांबवण्यासाठी पूर्ण प्रयत्न करायचा आणि तरीही जे मूल जाईल त्याचं प्रकरण बुडू द्यायचं नाही. तिन्ही कामं एकदम.

कार्डशीटवर मोठं कॅलेंडर केलं, शिक्षक खोलीत लावलं.

३० ऑक्टोबर, सुट्टीत

भाऊबीजेनंतर अवकाळी पाऊस लागून राहिला आहे. टाकलेली रोपं पाण्यात बसली, पिवळी पडली, बऱ्याच ठिकाणी सडली. लोक पुन्हा बियाणं शोधत आहेत. सप्टेंबरअखेरच्या पावसानं लाल कांद्याचं आधीच नुकसान केलेलं, त्यात हे. घरोघरी पैशाची ओढाताण होणार आणि लागणीला मजूर लावण्याऐवजी घरची मुलंच उतरवली जाणार.

आमचं कॅलेंडरही यातच गेलं. रोप नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा पडलं तर लागण डिसेंबरअखेरीपासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबणार. पूर्व परीक्षा ५ जानेवारीपासून धरली आहे.

४ नोव्हेंबर

शाळा सुरू. कार्डशीट उतरवली. दुसरी वेळ येईल म्हणून या वेळी पेनानं न लिहिता आठवड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि टाचणीनं लावल्या. ज्यांना असं कॅलेंडर करायचं असेल त्यांनी पहिल्यापासून चिठ्ठ्याच कराव्यात.

पूर्व परीक्षेवर वाद झाला. बोर्डाची लेखी परीक्षा २० फेब्रुवारी २०२६ पासून आहे, त्याआधी तोंडी आणि प्रात्यक्षिकं. सगळी पूर्व परीक्षा संक्रांतीच्या पुढे ढकलली तर पेपर तपासून मुलांच्या हातात देईपर्यंत बोर्ड दारात येतं, मग ती घेऊन उपयोग काय? शेवटी तोडगा निघाला की गणित, विज्ञान आणि इंग्रजी डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात, लागणीचा जोर चढायच्या आत, आणि बाकीचे विषय संक्रांतीनंतर. विज्ञानाच्या मॅडमची शेवटची प्रकरणं तोवर होणार नव्हती. ती वगळून पेपर काढायला त्या नाखुशीनं तयार झाल्या. राहिलेल्या भागाची वेगळी २० गुणांची चाचणी जानेवारीअखेरीस घेऊ, असं त्यांना सांगितलं.

८ नोव्हेंबर

पालक सभा सकाळी ११ वाजता ठेवली होती. आले ते गावातलेच, ज्यांची मुलं रोज येतात असे. ज्यांच्याशी बोलायचं होतं त्यांच्यातलं कुणीच नाही. सकाळी ११ वाजता त्यांचं कामच चालू असतं, सभेसाठी रोजंदारी बुडवा असं आपण कसं म्हणणार? चहा-नाश्त्याचे पैसे गेले ते गेलेच, त्याहून जास्त म्हणजे रिकाम्या खुर्च्या बघून दोन शिक्षकांचा उत्साह मावळला.

१४ नोव्हेंबर

शाळेत सभा घ्यायचं सोडून वस्तीवर गेलो. संध्याकाळी सात-साडेसातला, मारुतीच्या देवळासमोर. इथे एक गोष्ट आधी विचारून घ्यावी लागते. शेतीची लाईट एक आठवडा दिवसपाळीला तर एक आठवडा रात्रपाळीला असते. रात्रपाळीच्या आठवड्यात बापे पाणी भरायला शेतात असतात. आम्ही दिवसपाळीचा आठवडा धरला. बायाही स्वयंपाक आटोपून आल्या, आणि कामाला मुलगी न्यायची की नाही हे खरं तर त्याच ठरवतात.

गुणांबद्दल काही बोललो नाही. प्रत्येक मुलाचा प्रश्नवार तक्ता आणि हजेरी एका कागदावर आणली होती, ती दाखवली. "हे दहा दिवस ती लागणीला होती, आणि पेपरात हेच प्रश्न कोरे आहेत." एक आई कागदावर बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "मॅडम, मला वाटायचं हिला गणित जमतच नाही, म्हणून म्हणलं घरी बसून तरी काय करती." तिला तो कागद दिला. त्या घरात मुलगी हुशार नाही म्हणून कामाला जात होती आणि कामाला जात होती म्हणून हुशार दिसत नव्हती.

कायद्याचंही बोललो. वातावरण थोडं ताणलं. एका शेतकऱ्यानं विचारलं की मजूर मिळत नाहीत, लागण वेळेवर झाली नाही तर कांदा साधत नाही, मग आम्ही काय करायचं? याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं आणि आहे असं दाखवलंही नाही. आठवीपर्यंतच्यांना अजिबात नाही आणि नववी-दहावीच्यांना फक्त रविवार आणि शाळेआधीची-नंतरची वेळ, घरच्याच रानात, एवढं मागितलं. काहींनी मान डोलावली, काहींनी नाही.

२४ नोव्हेंबर

जादा तास. पाच ते सहा ठेवले होते, पहिल्याच आठवड्यात मुली गळाल्या. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, त्या पासावरच त्या शाळेत येतात. पण संध्याकाळची गाडी चुकली की पुढे अंधारात पायी जावं लागतं. जादा तास ज्यांच्यासाठी होता त्याच नव्हत्या, आणि गावातली मुलं, ज्यांना गरज कमी, ती बसलेली.

आता तास शाळेच्या वेळेतच घेतो. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक तासिकेची पाच मिनिटं कापून मधल्या सुट्टीनंतर अर्ध्या तासाची एक तासिका काढली. त्यात नववीच्या दोन्ही तुकड्या फोडून तीन गट केले, कोणती चौकट रिकामी यावरून. पूर्णांक संख्यांचा गट सर्वात मोठा. तो आठवडाभरात संपला आणि त्यातली मुलं पुढच्या गटात गेली. गट कायमचे ठेवायचे नाहीत, नाहीतर मुलांच्या तोंडी 'ढ गट' सुरू होतं आणि मूल तिथेच बसून जातं. मी याबाबत फार आग्रही आहे.

८ डिसेंबर

लागणीच्या दिवसांत घरी देण्यासाठी सरावपत्रिका काढल्या. पहिली खेप फसली. चार-चार पानं होती, प्रत्येक पानावर दहा-बारा उदाहरणं. चाचणी म्हणून काही मुलांना रविवारी दिली तर निम्म्याहून अधिक कोरी आली. दिवसभर ओणवं राहून रोपं लावलेलं मूल रात्री चार पानं सोडवणार नाही, इतकं साधं होतं.

नवी पत्रिका एकाच पानाची. वर एक सोडवलेलं उदाहरण, पायरीपायरीनं. खाली सहा उदाहरणं, पहिली दोन वरच्यासारखीच, फक्त आकडे वेगळे. मागच्या बाजूला उत्तरं. उत्तरं देऊ नयेत असं काहींचं मत होतं, पण वस्तीवर विचारायला कुणी नसतं. उत्तर जुळलं तरच मूल पुढचं उदाहरण घेतं.

झेरॉक्स दोन्ही बाजूंनी पानाला ३ रुपये. नववी-दहावीच्या पूर्ण हंगामाचा खर्च दोन हजारांच्या आत बसला. शिक्षकांनी वर्गणी काढली, उरलेलं एका माजी विद्यार्थ्यानं दिलं. पहिल्या खेपेचे पैसे मात्र वाया गेले.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पत्रिकेचा फोटो टाकून पाहिला. फोन बापाच्या खिशात, बाप रानात किंवा मार्केटला. पानच बरं. ग्रुपवर आता फक्त मिनिटाभराचा आवाजी निरोप पाठवतो, तो आयाही ऐकतात.

२९ डिसेंबर

दहावीच्या तीन विषयांचे पेपर वेळेत झाले. उपस्थिती चांगली होती, चौथ्या आठवड्याचा निर्णय बरोबर ठरला. गणितात समरूपता आणि पायथागोरस ठीक, अंकगणिती श्रेढीत रिकाम्या चौकटी अजून आहेत. या वेळी पेपर तपासतानाच प्रश्नवार तक्ता भरला, त्यामुळे गठ्ठे पुन्हा सोडावे लागले नाहीत. पहिल्यापासून असंच करायला हवं.

आठवीसाठी एनएमएमएस (आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांसाठीची राष्ट्रीय परीक्षा) शिष्यवृत्तीची तयारी सुट्टीपासूनच चालू ठेवली होती. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के. वस्तीवर हा आकडा सांगितल्यावर दोन घरांनी मुलांना लागणीतून काढून अभ्यासाला बसवलं. चार वर्षांचे ४८,००० रुपये हे त्यांना आमच्या कोणत्याही भाषणापेक्षा लवकर कळलं. मात्र उत्पन्नाचा दाखला वेळेत न निघाल्यानं काहींचा अर्जच भरता आला नव्हता. हे काम जूनमध्येच व्हायला हवं.

१९ जानेवारी २०२६

लागण आटोपत आली. जानेवारीचे पहिले दोन आठवडे वर्ग पातळ होते. नववीत त्या काळात नवीन प्रकरण घेतलं नाही; रचना, आलेख आणि उजळणी केली. जी मुलं आली ती वाया गेली नाहीत, जी गेली त्यांचं नवीन काही बुडलं नाही. सरावपत्रिका बहुतेकांच्या परत आल्या, काहींवर चिखलाची बोटं. सोडवलेल्या सगळ्याच बरोबर नाहीत, पण कोऱ्या फार थोड्या.

न जमलेलंही लिहिते. आठवीची काही मुलं आम्ही सांगूनही दुसऱ्यांच्या रानात गेलीच. दोन मुलं डिसेंबरपासून आलेली नाहीत. त्यांच्या घरी वर्गशिक्षक जाऊन आले, मोठे सर पुन्हा जाणार आहेत. इंग्रजीचे गट गणिताइतके चालले नाहीत. इंग्रजीत नेमकी चूक पकडणं अवघड जातं, आणि वाचनच अडखळत असेल तर एका पानाची पत्रिका कामाची नाही. त्यासाठी वाचून घ्यायला माणूस लागतो. पुढच्या वर्षी दहावी झालेल्या माजी विद्यार्थिनींना वस्तीवर तासभर बसवता येईल का, हे बघायचं आहे.

३१ जानेवारी

पुढच्या वर्षाची बैठक आजच उरकली. मे महिन्यात कुणालाच हे आठवणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ दहावीनंतरच्या गोष्टींवर गेला. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन केंद्रीय पद्धतीनं होतात, जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरता येतात. गेल्या जूनमध्ये आमच्या काही मुलींचे पसंतीक्रम घाईत, कुणाच्या तरी मोबाइलवर भरले गेले. लांबचं महाविद्यालय लागलं, तिथवर गाडीची सोय नाही, आणि मुली घरी बसल्या. यंदा बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर त्याच आठवड्यात शाळेतल्या संगणकावर प्रत्येक मुलासोबत बसून नमुना पसंतीक्रम लिहून घ्यायचे. महाविद्यालयाच्या नावासमोर एसटीची वेळ लिहायचीच. ज्यांना आयटीआयला जायचं आहे त्यांची यादी वेगळी. जातीचा दाखला, उत्पन्न, अधिवास, नॉन क्रिमीलेअर यांतलं कुणाकडे काय नाही, याचा तक्ता नववीच्या वर्गशिक्षकांनी मार्चमध्येच करायचा. दाखले निघायला वेळ लागतो आणि जूनमध्ये गर्दी असते.

बाकीचं ठरलेलं थोडक्यात. वार्षिक नियोजनाच्या वहीत पहिल्या पानावर पिकांचं कॅलेंडर येईल आणि त्याखाली प्रकरणं. नववीचं गुणोत्तर व प्रमाण हे प्रकरण जुलैत घेणार, म्हणजे लाल कांद्याच्या लागणीआधी संपेल. पूर्णांक संख्यांची उजळणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, आठवी-नववी दोन्हींना. प्रश्नवार तक्ता प्रत्येक घटक चाचणीला, तपासतानाच. वस्तीवरची पहिली सभा जुलैत, लाईटची पाळी विचारून. सरावपत्रिकांच्या मूळ प्रती एका फाइलमध्ये लावून ग्रंथालयात ठेवल्या आहेत.

एप्रिलची काढणी अजून समोर आहे. नववीपर्यंतच्या वार्षिक परीक्षा तेव्हाच येतात, त्यामुळे गणिताचे पेपर वेळापत्रकात सर्वात आधी ठेवावेत आणि सकाळच्या सत्रात घ्यावेत, अशी मागणी मोठ्या सरांकडे दिली आहे. त्यांनी वेळापत्रकाचा कच्चा खर्डा मागितला आहे, तो सोमवारी द्यायचा.